शीतयुद्ध वर्गात कसं शिकवता? (यवतमाळकडच्या एका मास्तराचा प्रश्न)

खडूधूळ

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र आणि इतिहास शिकवतो. आर्ट्सचा वर्ग. पोरं-पोरी आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीनं येतात आणि दिवाळीनंतर वेचणी जोरात असली की अर्धा वर्ग वावरात असतो.

शीतयुद्धाचा धडा आमच्याकडे दरवर्षी एकाच पद्धतीनं होतो. फळ्यावर मधोमध उभी रेघ. डावीकडे अमेरिका, भांडवलशाही, ट्रुमन सिद्धांत (१९४७), मार्शल योजना (१९४८), नाटो (१९४९). उजवीकडे सोव्हिएत संघ, समाजवाद, वॉर्सा करार (१९५५). खाली बर्लिनची भिंत, क्युबा, १९९१, समाप्त. पोरं उतरवून घेतात, 'फरक स्पष्ट करा'चे गुण पदरात पडतात आणि धडा संपतो. गेल्या वर्षी एका पोट्ट्यानं विचारलं, "सर, ह्या दोघायच्या भांडणाचं आपल्याले काय?" वर्ग हसला. पण प्रश्न रास्त होता.

म्हणून यंदा धड्याआधी कापूस घेतला. एकच प्रश्न टाकला: तुमचा कापूस कोणी घ्यावा? सरकारनं एका ठरलेल्या भावानं, की व्यापाऱ्यानं बाजारात जो भाव निघेल त्यानं? दहा मिनिटांत वर्गाचे दोन तट पडले. "व्यापारी खेडा खरेदीत काटा मारते" असं एक म्हणाली, तर दुसरा म्हणाला, "सरकारी केंद्रावर चार दिवस गाडी उभी राह्यते, ग्रेडर ओलावा काढते, मंग काय फायदा?" मग घरी जाऊन आजोबांना एकाधिकार खरेदीबद्दल विचारून यायला सांगितलं.

तरुण वाचकांसाठी: १९७२ च्या हंगामापासून राज्यात कापूस एकाधिकार योजनेखालीच विकावा लागे, व्यापाऱ्याला विकायला बंदी होती. हमीचा भाव मिळे, चुकारे (विकलेल्या कापसाचे पैसे) मात्र हप्त्याहप्त्यानं. बाहेर भाव वर गेला की इथला कापूस रातोरात आदिलाबादकडे किंवा मध्य प्रदेशात जायचा. बाहेर भाव पडला की तिकडचा कापूस इकडच्या केंद्रावर यायचा. २००२ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना दार उघडलं. आजोबांकडून पोरं काय काय घेऊन आली म्हणून सांगू! नाक्यावर कापसावर कडबा टाकून गाडी कशी काढायची, इथपासून ते चुकाऱ्यावर लग्नं कशी ठरायची, इथपर्यंत. त्यानंतर सोव्हिएत दुकानांपुढच्या रांगा, ठरलेले भाव, काळा बाजार आणि दुसरीकडे १९२९ च्या मंदीत अमेरिकेत मातीमोल झालेला शेतमाल, हे सगळं मला फारसं समजावून सांगावं लागलं नाही.

तर प्रश्न असा: तुम्ही कोणी शिकवत असाल, तर आपल्या भागातलं काय वापरता?

मँगनीज

तुमसरकडचा आहे. शिक्षक नाही, पण मुलीला नववीला 'महायुद्धोत्तर राजकीय घडामोडी' होतं तेव्हा रोज रात्री तिच्यासोबत मीच शिकलो.

आमच्याकडे डोंगरी बुजुर्गची खाण आहे. मँगनीजची, वरून उघडी. पोरांना तो काळा दगड माहीत असतो, हाताला लागला की काळं निघत नाही. मँगनीजशिवाय पोलाद होत नाही, आणि पोलादाशिवाय रणगाडा, रेल्वे, पूल काहीच नाही. महायुद्ध संपल्यावर अमेरिकेला मँगनीजचा मोठा पुरवठा सोव्हिएत संघाकडून होत होता. १९४९ च्या आसपास बर्लिनवरून बिनसलं तसा मॉस्कोनं तो आवळला. अमेरिका वळली कोणाकडे, तर भारताकडे. आणि भारतातलं चांगलं मँगनीज म्हणजे बालाघाट, भंडारा, नागपूरचा हाच पट्टा.

पुढची गंमत म्हणजे १९५१ मध्ये आपल्याकडे धान्याची टंचाई झाली. नेहरूंनी अमेरिकेकडे गहू मागितला. तिथल्या संसदेत महिनोन्‌महिने घोळ चालला: हा माणूस कोरियाच्या प्रश्नावर आपल्या बाजूनं बोलत नाही, याला फुकट का द्यायचं? बदल्यात मँगनीज आणि मोनाझाइट (थोरियम असलेलं खनिज) घ्या, असं काही सदस्यांचं म्हणणं. शेवटी जूनमध्ये कायदा झाला, १९ कोटी डॉलरचं कर्ज, त्यातून २० लाख टनांपर्यंत धान्य. कर्जफेडीचा काही भाग अमेरिकेला लागणाऱ्या मालात करायची सोय त्यात होतीच. तोवर चीन आणि सोव्हिएत संघानंही भारताला धान्य धाडायला घेतलं होतं, म्हणजे कोणाचं जहाज आधी बंदरात लागतं यावरही चुरस.

आता भिलाई बघा. गोंदियाहून गाडीत बसलं की दुर्ग-भिलाई. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. आमच्या भागातल्या कित्येकांचे काका-मामा तिकडे नोकरीला लागले. मी मुलीला म्हटलं, आपल्या टेकडीचा दगड एकेकाळी अमेरिकेला हवा होता आणि रशियानं उभारलेल्या भट्टीलाही तोच लागतो. तिनं हे उत्तरात लिहिलं. बाईंनी लाल पेनानं "पुस्तकाबाहेरचे लिहू नये" असा शेरा मारला, ते सोडा.

रिकामटेकडा

बाईंचा शेरा वाचून हसून हसून पुरेवाट.

मी स्पर्धा परीक्षेच्या पोरांना शिकवतो. आमच्याकडे कापूस नाही, मँगनीज नाही, फक्त सनावळी. बांडुंगची आशियाई-आफ्रिकी परिषद १९५५, बेलग्रेडची अलिप्त देशांची परिषद १९६१, भारत-सोव्हिएत करार ९ ऑगस्ट १९७१. पोरं रील बघून येतात, "रशियानं आपल्यासाठी आरमार पाठवलं, अमेरिकेचं पळालं", बस, एवढंच शीतयुद्ध. १९७१ च्या बांगलादेश युद्धावेळी सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघानं नकाराधिकार वापरला तो का, म्हटलं की गप्प.

तर्कट

धागा चांगला चाललाय, म्हणून विरोधात बोलतो.

एक. एकाधिकार खरेदी म्हणजे समाजवाद नव्हे. शेतमालाला आधारभाव अमेरिकेतही १९३३ पासून आहे आणि तिथल्या कापूस उत्पादकाला मिळणाऱ्या अनुदानावरून जागतिक व्यापार संघटनेत ब्राझीलनं भांडण केलं. म्हणजे सरकार बाजारात उतरलं की समाजवाद आणि व्यापारी उतरला की भांडवलशाही, असं पोरांच्या डोक्यात बसलं तर ते मधल्या रेघेपेक्षा वाईट. रेघ निदान परीक्षेनंतर विसरतात तरी.

दोन, आणि हे जास्त टोचतं. सोव्हिएत संघात सरकारनं धान्य गोळा केलं ते कसं? १९२९ नंतर जमिनी सामूहिक शेतीत ओढल्या, विरोध करणाऱ्यांना कुलक (सधन शेतकरी) ठरवून हद्दपार केलं, आणि १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन आणि कझाकस्तानात लाखो माणसं मेली, धान्य परदेशी जात असताना. त्याच्या शेजारी आपल्या केंद्रावरचा ग्रेडर ठेवायचा? ओलावा जास्त काढला म्हणून?

तीन. गहू, दगड, कापूस ठीक आहे. पण या भांडणात माणसं मेली ती बहुतेक तिसऱ्याच देशांत. कोरिया, व्हिएतनाम, अंगोला, अफगाणिस्तान. इंडोनेशियात १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट ठरवून किती मारले याची नीट मोजदाद नाही. आपल्या गावापासून सुरुवात करा, पण गावातच अडकून पडलात तर पोरांना वाटेल की शीतयुद्ध म्हणजे रेशनचा प्रश्न.

खडूधूळ

तर्कट, तुमचा दुसरा मुद्दा वर्गात एका मुलीनंच काढला, तुमच्याइतक्या तिखटपणे नाही. ती म्हणाली, "पण सर, आमची जमीन तर आमच्याच नावावर होती. कपाशी नसती पेरली, तर तूर पेरली असती." धडा इथेच उघडला. मी फळ्यावर एवढंच लिहिलं: जमीन कोणाची, पीक ठरवणार कोण, 'नाही' म्हणण्याची किंमत काय? हे तीन प्रश्न युक्रेनच्या १९३२ च्या शेतकऱ्याला, अमेरिकेतल्या आयोवाच्या शेतकऱ्याला आणि आजोबाला लावून बघा म्हटलं. साम्य शोधायला मी कापूस घेतलाच नव्हता. साम्य पोरं आपोआप शोधतात, फरकापर्यंत न्यायला हात धरावा लागतो.

पहिल्या मुद्द्याबद्दल: अमेरिकेतल्या आधारभावाचं आमच्या वर्गात कोणालाच माहीत नव्हतं. ते पुढच्या तासाला घेतो.

घाटावरचा

मी बुलढाण्याकडचा, घाटावरला. निवृत्त. तुमच्या धाग्यात गव्हाचा विषय निघाला म्हणून लिहितो, टंकायला वेळ लागते, सांभाळून घ्या.

बहात्तरचा दुष्काळ आम्ही भोगला. रेशनवर मिलो यायची, अमेरिकेची लाल ज्वारी. भाकर थापली की कडेनं चिरायची आणि तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. माय म्हणे, "हे ज्वारी माणसायची नाही." खडी फोडायच्या कामावर सुकडी भेटायची, ती मात्र लेकरं आवडीनं खात.

पण हे वर्गात सांगताना मी हिशोबही सांगायचो. अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखाली आपला पहिला मोठा करार १९५६ चा. गव्हाचे पैसे डॉलरात नाही, रुपयात द्यायचे. ते रुपये इथंच साठत गेले, इतके की १९७४ मध्ये अमेरिकेच्या राजदूतानं भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश देऊन मोठा भाग सोडून दिला. दानत बरी दिसते ना? आता त्याआधीचं ऐका. १९६५-६६ ला लागोपाठ दोन वर्षं पाऊस दडला तेव्हा अध्यक्ष जॉन्सन यांनी वर्षाचा करार न करता महिन्या-महिन्याला थोडा थोडा गहू सोडला. एक कारण सांगितलं की भारतानं शेतीकडे लक्ष द्यावं. दुसरं असं की आपण व्हिएतनामच्या बॉम्बफेकीवर बोलत होतो, ते त्यांना झोंबत होतं. गहू बंदरात उतरला की थेट तोंडात, कोठारात पडायला उरत नसे.

आणि आता खरी मजा. बहात्तरलाच रशियाचंही पीक बुडालं. ज्या देशानं भांडवलशाहीला गाडायची भाषा केली, त्यानं गुपचूप अमेरिकी कंपन्यांकडून कोटभर टन गहू उचलला, तोही अमेरिकी सरकारच्या सवलतीच्या भावात. जगात गव्हाचे भाव भडकले. मग आपण महाग गहू घ्यावा तरी कसा? तर १९७३ मध्ये त्याच रशियानं आपल्याला २० लाख टन गहू उसना दिला. उसना म्हणजे गव्हाच्या बदल्यात गहू, शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा. आता सांगा, या गव्हाला कोणत्या रकान्यात घालता?

पोट्ट्यांना मी एवढंच विचारायचो आणि तास संपायचा.

मास्तरीण

घाटावरचे काका, तुमचा हा गहू मी माझ्या वर्गात नेणार, आधीच सांगून ठेवते.

मी वर्धा जिल्ह्यातली. आमच्याकडे दोन्ही रकान्यांत न बसणारं बरंच काही आहे. डिसेंबर १९४९ मध्ये सेवाग्रामला जगभरचे शांततावादी जमले होते, काही बैठका शांतिनिकेतनला आणि काही इथे. बापूंनी बोलावलेली परिषद, पण ती भरली तेव्हा बापू नव्हते. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघानं पहिला अणुबॉम्ब फोडला होता, ऑक्टोबरात चीनमध्ये माओ आला होता, आणि ही माणसं कुटीसमोर चटईवर बसून शस्त्राविना जग कसं चालेल याचा खल करत होती. मुलांना सेवाग्रामला सहलीला नेतो तेव्हा बापूंचा चष्मा आणि कंदील दाखवतो, ही परिषद कोणी सांगत नाही.

दुसरं विनोबांचं. पवनारहून निघून ते तेलंगणात गेले, जिथे कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होता. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत त्यांना पहिली शंभर एकर जमीन मिळाली. दोनच वर्षांनी अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर विनोबा! अमेरिकेला अचानक भूदानाचं कौतुक का वाटायला लागलं, हा प्रश्न मुलींना विचारला तर त्या अचूक उत्तर देतात: "कम्युनिस्टांऐवजी बाबांनी जमीन वाटलेली बरी." आता खुद्द विनोबांच्या मनात तसं होतं का, हा वेगळा प्रश्न आणि त्यावर आमच्या वर्गात चांगली खडाजंगी झाली.

आणि तिसरं मी मुद्दाम राखून ठेवते. ९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत पडली. त्याच महिन्यातल्या लोकसभा निवडणुकीत अमरावतीनं कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख निवडून दिले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ शेवटचे आचके देत असताना आमच्या वर्ध्यानं मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे दिल्लीला पाठवले, तेही काँग्रेसच्या वसंत साठ्यांना हरवून. डिसेंबरात क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला तेव्हा वर्ध्याचा खासदार लाल झेंड्याचा होता! पुस्तकात 'साम्यवादाचा अंत' वाचायचं आणि घरी आजी सांगते, "आम्ही विळ्या-हातोड्यालेच मत देल्लं होतं." मुलींना घरोघरी विचारायला लावलं. मॉस्को बघून कोणी मत दिलं असेल असं एकाही आजी-आजोबांनी सांगितलं नाही. कोणी माणूस साधा होता म्हणून, कोणी कापसाच्या भावासाठी, कोणी काँग्रेसवरच्या रागापोटी. पुस्तकातला 'वाद' आणि मतपेटीतला 'वाद' असे दोन वेगवेगळे असतात, हे मला भाषण देऊन सांगता आलं नसतं.

रिकामटेकडा

नागपूरचे कम्युनिस्ट नेते ए. बी. बर्धनही घ्या मग. १९५७ ला नागपुरातून आमदार होते.

अंबानगरी

सुदामकाकांचं नाव वाचून बरं वाटलं. अमरावतीचीच आणखी एक भर घालतो. भाऊसाहेब, म्हणजे पंजाबराव देशमुख, केंद्रात कृषिमंत्री होते आणि त्यांच्या भारत कृषक समाजानं १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर स्वतः आले होते. एकाच मैदानात अमेरिकेचं दालन आणि सोव्हिएत संघाचंही. दोघांची चढाओढ कशात, तर कोणाचा ट्रॅक्टर भारतीय शेतकऱ्याच्या डोळ्यांत भरतो. आमच्याकडे भाऊसाहेबांची जयंती शाळेत दरवर्षी होते, भाषणं तीच ती. हे कोणी बोलत नाही.

गोंडवन

गडचिरोली जिल्ह्यातून लिहितोय. तुमच्याकडे 'लाल' शब्द वर्गात उच्चारणं सोपं आहे. आमच्याकडे तो उच्चारला की दोन-चार पोरं माना खाली घालतात. कोणाचा भाऊ पोलिसांत, कोणाच्या गावात रात्री काय झालेलं. म्हणून मी मार्क्स, माओ शिकवताना पुस्तक आणि सन सोडत नाही. आजोबांना विचारून या, असला गृहपाठ मी देत नाही आणि देणारही नाही.

मी नकाशे वापरतो. शाळेच्या अडगळीत कापडावर चिकटवलेला जगाचा जुना नकाशा सापडला. आफ्रिकेचा कोपरा वाळवीनं खाल्लेला, पण सोव्हिएत संघ शाबूत, गुलाबी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्याच्या शेजारी नवा टांगतो आणि पोरांना म्हणतो, त्या गुलाबी रंगातून किती देश निघाले ते मोजा. पंधरा निघतात. एस्टोनिया शोधताना नेहमी मारामारी. मग बोट खाली आणायचं, उझबेकिस्तानवर. जुन्या नकाशात अरल समुद्र भला मोठा आहे. नव्यात त्याच्या चिंधड्या. का? आमूदर्या आणि सिरदर्याचं पाणी कपाशीकडे वळवलं म्हणून. मॉस्कोनं ठरवलं की मध्य आशियात कापूस पिकवायचा, समुद्राला कोणी विचारलं नाही. खडूधूळ, तुमच्या वर्गात हा कापूस चालेल.

नंतर चीनची सीमा दाखवतो. दोन्ही देश लाल, दोघांचाही मार्क्स. तरी १९६० मध्ये सोव्हिएत संघानं चीनमधले आपले तज्ज्ञ परत बोलावले, आणि मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीतल्या एका बेटावरून दोघांच्या सैनिकांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या. १९७२ मध्ये निक्सन माओशी हात मिळवून आले. 'समाजवादी गट' नावाचा एक रकाना आखला की हे सगळं त्या रेघेखाली गडप होतं. आमच्या पोरांना हे कळणं जास्त गरजेचं आहे, का ते वेगळं सांगायला नको.

खडूधूळ

गोंडवन, अरलचा कापूस लगेच उचलला. गृहपाठाबद्दलचं म्हणणं पटलं, प्रत्येक गावात आजोबांना विचारता येईलच असं नाही.

तुम्ही चीनचं काढलंत म्हणून माझ्या सगळ्यात चांगल्या तासाबद्दल लिहितो. यात कापूसबिपूस काही नाही. फळ्यावर ऑक्टोबर १९६२ चं कॅलेंडर काढतो, एकाखाली एक दोन पट्ट्या. वरची क्युबाची, खालची आपली. पुस्तकात या दोन गोष्टी वेगळ्या धड्यांत आहेत, त्यामुळे त्या एकाच महिन्यात घडल्या हे पोरांच्या कधी लक्षातच येत नाही. तारखा पोरांकडूनच भरून घेतो.

१६ तारीख, वरची पट्टी: क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं बसत असल्याचे फोटो अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींपुढे आले. २० तारीख, खालची पट्टी: चीनचा लडाख आणि नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश), दोन्हीकडे हल्ला. २२ ला केनेडींचं भाषण, क्युबाभोवती आरमाराचं कडं. इथे थांबून विचारायचं: आता तुम्ही नेहरू आहात. तुम्हाला मिग विमानं द्यायचं सोव्हिएत संघानं नुकतंच कबूल केलंय. तो तुमच्या बाजूनं बोलेल का? सगळे म्हणतात, "बोलेल, मित्र आहे." मग २५ तारीख भरायची: सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचं मुखपत्र असलेल्या 'प्रावदा'नं चीनच्या बाजूला झुकणारा अग्रलेख छापला. वर्गात चुळबुळ. "सर, असं कसं?" तर वरच्या पट्टीकडे बघा. क्युबावरून अमेरिकेशी कोणत्याही क्षणी युद्ध भडकेल अशी स्थिती, अशा वेळी चीनला दुखावणं सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हला परवडणारं नव्हतं.

२७ तारीख, शनिवार. क्युबावर अमेरिकेचं टेहळणी विमान पाडलं. त्याच दिवशी समुद्राखाली एका सोव्हिएत पाणबुडीला अमेरिकी युद्धनौकांनी घेरलं. पाणबुडीत अण्वस्त्र लावलेला टॉर्पेडो होता. आत असह्य उकाडा, मॉस्कोशी संपर्क तुटलेला, वर युद्ध सुरू झालंय की नाही हेही ठाऊक नाही. कप्तान सोडायच्या बेतात. वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्यानं संमती दिली नाही. इथे मी काही बोलत नाही, तारीख फक्त गोल करतो. २८ ला ख्रुश्चेव्हनं क्षेपणास्त्रं काढून घेण्याचं जाहीर केलं. तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढायचं केनेडींनी गुपचूप कबूल केलं होतं, ते कित्येक वर्षं लोकांना कळलंच नाही.

वरची पट्टी थंडावली आणि खालची तापली. नोव्हेंबरात अमेरिकेची विमानं शस्त्रं घेऊन भारतात उतरली, अलिप्ततेचे पुरस्कर्ते नेहरू १९ तारखेला केनेडींना पत्र लिहून लढाऊ विमानं मागत होते, मॉस्कोचा सूर पुन्हा आपल्याकडे वळला, २१ ला चीननं एकतर्फी युद्धबंदी पुकारली, आणि यशवंतराव संरक्षण खातं सांभाळायला दिल्लीला गेले. पुढे मिगचा कारखाना उभा राहिला तो आपल्या नाशिकजवळ ओझरला. शस्त्रं एकीकडून, विमानं दुसरीकडून. पोरं विचारतात, "मंग अलिप्त कुठे राह्यलो?" या प्रश्नासाठीच सगळा खटाटोप.

तर्कट

हा तास मान्य. बिनशर्त.

अलिप्ततेच्या प्रश्नाला एक जोड द्या. १९५३ मध्ये कोरियाचं युद्ध थांबलं तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या हजारो युद्धकैद्यांचं करायचं काय, यावर घोडं अडलं होतं. दोन्ही बाजूंना चालेल असा देश शोधला तो भारत. या कैद्यांसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि प्रत्यक्ष कैदी सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख आपले एस. पी. पी. थोरात. अलिप्त म्हणजे कुंपणावर बसणं, असं पोरांना वाटतं. या माणसांना दोन्हीकडच्या छावण्यांत शिरून दोन्हीकडच्या शिव्या खाव्या लागल्या.

मास्तरीण

त्या ऑक्टोबरात आणखी दोघं वाटेत होती बरं का. सतीश कुमार आणि ई. पी. मेनन, अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून पायी मॉस्कोकडे निघालेले, तिथून पुढे पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन. खिशात पैसे ठेवायचे नाहीत, हा विनोबांचा सल्ला. खडूधूळ सर, फळ्यावर तिसरी पट्टी काढता येईल.

मँगनीज

चौथी आमची. दगडाची.

रिकामटेकडा

फळा पुरायचा नाही. बरं, सर, बोर्डाला यातलं काय येतं ते एकदा सांगून टाका.

खडूधूळ

बोर्डाला मधली रेघच येते, ती शेवटच्या दोन तासांत करून घेतो. पोरांना तेवढं जमतं. घटक चाचणीला मात्र माझा प्रश्न ठरलाय: "२६ ऑक्टोबर १९६२ रोजी तुम्ही पंतप्रधान आहात. मदतीसाठी पहिलं पत्र कोणाला लिहाल आणि त्यात काय लिहिणार नाही? (गुण ८)"

घाटावरचा

८ गुण लय झाले. ५ ठेवा, अन् मले उत्तरपत्रिका वाचाले पाठवा.